आजीचा अंगठा आणि आपले झेरॉक्स

(कोसाडच्या आवासात एका रविवारी संध्याकाळी आमच्याच मुलामुलींसमोर बोलले होते. काही जणांनी लिहून मागितलं, म्हणून जसं बोलले तसंच, थोडं सावरून इथे देतेय.)



मला इथे बोलवताना विषय सांगितला होता, ‘ऑनलाइन फसवणुकीपासून आपली माहिती कशी जपायची’. मी म्हटलं, यावर मी नवीन काय बोलू? ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक दाबू नका, हे तर फोन लावला की रिंगच्या आधी ऐकू यायचं. तेवढंच सांगायचं असतं तर तुम्हाला रविवारी इथे बसवलं नसतं.

मी राज्यशास्त्र शिकते, कॉम्प्युटर नाही. त्यामुळे मी आज हॅकरबद्दल फार बोलणार नाही. मी माझ्या आजीबद्दल बोलणार आहे.

आजी नंदुरबार तालुक्यात राहते. आम्ही इथे, तापीच्या या बाजूला. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असंच आहे. घर कोसाडला, नाहीतर लिंबायत-उधन्याला, आणि मुळं खानदेशात. आजीला महिन्याला निराधार योजनेचे पैसे येतात. बँक गावापासून लांब, म्हणून ती जवळच्या मिनी बँकेत जाते. म्हणजे एक दुकान, एक लॅपटॉप आणि एक अंगठ्याचं मशीन. आधार नंबर सांगायचा, बँकेचं नाव सांगायचं, अंगठा टेकवायचा, पैसे हातात. ना कार्ड, ना पिन, ना ओटीपी. चांगली सोय आहे, मी नाही म्हणत नाही. नव्वद टक्के लोकांचं काम त्यावर नीट चालतंही.

गेल्या वर्षी आजीनं अंगठा टेकवला. दुकानदार म्हणाला, “आजी, घेतलं नाही, परत लाव.” तिनं परत लावला. “अजून एकदा, नीट दाबून.” तिनं दाबला. मग त्यानं एक हजार रुपये दिले. आजी घरी आली आणि आम्हाला फोनवर म्हणाली, “मना अंगठा झिजी गया.” तिला वाटलं तिचीच चूक. आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेला हात, रेषा पुसल्या तर नवल काय?

दिवाळीला आम्ही गावी गेलो तेव्हा बाबांनी पासबुक भरून आणलं. त्या दिवशी खात्यातून तीन वेळा पैसे निघाले होते. मशीननं तिन्ही वेळा अंगठा घेतला होता.

आता इथे मला थोडं थांबायचंय. पैसे गेले ते गेले, पण मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर आजीनं स्वतःच्या अंगठ्याला दोष दिला त्याचा. माझ्या आईचं पण तेच. ती घरी साड्यांना स्टोन लावते, बोटांना कायम गोंद. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा पहिल्या वेळी कधीच लागत नाही. अंगठा न लागणं हे आपल्या घरांत रोजचं आहे, आणि ‘परत लाव’ म्हणणाऱ्याची चोरी नेमकी त्याच्याआड लपते. ज्याचे हात मऊ आहेत त्याला तिसऱ्यांदा अंगठा मागितला तर तो विचारेल. आपण विचारत नाही, माफी मागतो.

तुम्हाला माहीत आहे का, देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे दिलं गेलं? दिल्लीत नाही, बेंगळुरूत पण नाही. २९ सप्टेंबर २०१० ला, टेंभली गावात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात! पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. आणि ९ ऑगस्ट २०१९ ला एका राज्याचं रेशन कार्ड दुसऱ्या राज्यात चालवायची सुरुवात झाली, तेव्हा देशात ज्या दोन जोड्या निवडल्या त्यातली एक आंध्र-तेलंगणा आणि दुसरी महाराष्ट्र-गुजरात. म्हणजे नंदुरबारच्या कार्डावर सुरतेत धान्य. कशाच्या जोरावर? अंगठ्याच्या. नवीन काही आलं की आपण रांगेत पहिले असतो. त्याचा फायदा पण आपल्याला पहिला मिळतो, हे मान्य. पण मग जे तुटतं तेही आपल्याच अंगावर आधी तुटतं.

सुरतेचंच उदाहरण घ्या. २०१८ च्या फेब्रुवारीत सुरत पोलिसांच्या क्राइम ब्रँचनं दोन रेशन दुकानदारांना अटक केली होती. आरोप काय होता? लाभार्थ्यांच्या बोटांच्या ठशांचा डेटा एका सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवला होता, आणि जे लोक धान्य न्यायला आलेच नव्हते त्यांच्या नावावर धान्य उचललं जात होतं. म्हणजे माणूस घरी, आणि त्याचा अंगठा दुकानात रांगेत उभा. आधार प्राधिकरणानं तेव्हा सांगितलं की आमच्या साठ्यातून काही गेलेलं नाही. ते खरं असेलही. पण विचार करा, मधल्या तिजोरीला दहा कुलपं असून काय उपयोग, जर प्रत्येक दुकानात किल्लीची नक्कल पडलेली असेल?

बेळगाव-निपाणीचे मित्र हे पेज वाचतात, म्हणून त्यांच्या बाजूचं पण सांगते. २०२३ मध्ये बेंगळुरूत असे गुन्हे दाखल झाले की जमीन-घराच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे आणि आधार नंबर वापरून लोकांच्या खात्यांतून पैसे काढले गेले. दस्त कुठून मिळाले? नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ या संकेतस्थळावरून उतरवलेले, असा संशय होता. दस्तावरचा ठसा घ्यायचा, रबरासारख्या पातळ पदार्थावर उठवायचा, मशीनला लावायचा. त्यानंतर दस्तांवरचे ठसे झाकायची पावलं उचलली गेली. ज्यांचे पैसे गेले त्यांनी कुठलीही लिंक दाबली नव्हती, कुणाला ओटीपी सांगितला नव्हता. त्यांनी फक्त घर विकत घेतलं होतं.

म्हणून मला ‘सावध राहा’ एवढंच सांगणारी पोस्टर्स आवडत नाहीत. त्यांत गृहीत धरलेलं असतं की माहिती आपण मूर्खपणे देऊन टाकतो. आपल्याकडून तर ती मागून घेतली जाते.

सीमेवरचा माणूस किती कागद देतो ते मोजा कधीतरी. मी माझं मोजलं. कॉलेजचा प्रवेश, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला (तो महाराष्ट्रातला, म्हणून इथे वेगळे प्रश्न), रहिवासी दाखला, भाड्याच्या घराचा करार, पोलीस पडताळणी, दोन सिमकार्डं, गॅस, बँक. दोन वर्षांत आधारचे किमान वीस झेरॉक्स. गावातल्या माणसाला कुणी विचारत नाही तू इथलाच का, त्याचा चेहराच पुरावा असतो. आपल्याला महाराष्ट्रात गेलं की “तुम्ही गुजरातचे”, आणि गुजरातमध्ये “तुम्ही महाराष्ट्राचे”. नवापूर स्टेशनचा बाकडा पाहिलाय ना, अर्धा इकडे अर्धा तिकडे? तिकीट खिडकी एका राज्यात आणि स्टेशन मास्तर दुसऱ्या. तसं आपलं. त्यामुळे आपण सवयीनं जास्तीचा कागद जोडून देतो. “हे पण असू द्या, लागलं तर.” फाइल जाड असली की साहेब कमी बोलतात, हे आपण आईबापांकडून शिकलोय.

आणि ते झेरॉक्स जातात कुठे? झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर आपण स्वतः पीडीएफ पाठवतो. शंभर जणांचे आधार, मार्कशीट, बँक पासबुकं त्या एका फोनमध्ये. खराब निघालेली प्रत टेबलाखालच्या टोपलीत. मी स्वतः भजी खाल्लीत अशा कागदात ज्याच्या मागे कुणाचा तरी पॅन नंबर होता. (भजी छान होती, तो मुद्दा वेगळा.)

आता जरा जुनी गोष्ट, परीक्षेला वाचलेली. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. कारण? उद्या त्यानं ‘ही सही माझी नाही’ म्हणू नये. म्हणजे ठसा घ्यायची सुरुवातच देणाऱ्याच्या भल्यासाठी नव्हती, त्याला बांधून घेण्यासाठी होती. आणि आपल्या महाराष्ट्रात काय चाललं होतं? शेतकरी सावकाराच्या कागदावर निशाणी करून द्यायचा, आत काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोक उठले. पुस्तकात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. लोकांनी सावकारांची घरं गाठली ती मुख्यतः एका गोष्टीसाठी, कर्जरोखे. ते बाहेर काढले आणि जाळले. १८७९ साली सरकारला कायदा करावा लागला, आणि त्यात अशी सोय होती की शेतकऱ्याचा करार गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावा.

हे मी का सांगतेय? कारण ते लोक अडाणी होते पण त्यांना नेमकं कळलं होतं की आपली मान कुठे अडकलीय. कागदात. आणि त्यांचा कागद एकच होता, जाळला की संपला. आपला कागद जाळता येत नाही. तो दुकानदाराच्या फोनमध्ये आहे, एजंटच्या लॅपटॉपमध्ये आहे, कर्ज देणाऱ्या कुठल्यातरी ॲपच्या सर्व्हरवर आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. आजीचा अंगठा कसा बदलू?

मग करायचं काय. जे मी स्वतः केलंय तेवढंच सांगते.

पहिलं काम, बायोमेट्रिक लॉक. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये ही सोय आहे, फुकट आहे. एकदा लॉक केलं की तुमचा अंगठा, डोळे कुठल्याच मशीनवर चालत नाहीत. सिम घ्यायचं असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं. माझं आणि बाबांचं लॉक आहे. तिथेच मागच्या सहा महिन्यांत आपला आधार कुठे कुठे वापरला गेला त्याची यादी पण दिसते. ती आज रात्री नक्की बघा. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा एका नोंदीचा अर्थ मला दोन दिवस लागत नव्हता. मग आठवलं, आपणच एका दुकानात सिमसाठी अंगठा दिला होता आणि सिम न घेताच निघालो होतो.

पण खरं बोलायचं तर आईचं मी लॉक केलं नाही. आजीचं तर नाहीच. का? लॉक केलं की रेशन बंद, पैसे काढणं बंद. दर वेळी उघडायचं तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि आजीच्या आधारला जो नंबर आहे तो काकांचा जुना, बंद पडलेला. बंद नंबर कंपन्या काही काळानं दुसऱ्याला देतात. म्हणजे माझ्या आजीचा ओटीपी आज कुणाच्या खिशात वाजतो मला माहीत नाही. ही सोय ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्याला वाचवते, आणि ज्याची लूट होते तो बाहेरच राहतो. हे मी सरकारला दोष द्यायला म्हणत नाही, पण राज्यशास्त्राच्या वर्गात ‘सर्वांसाठी समान सोय’ असं वाचलं की मला हे आठवतं. निदान एवढं करू शकतो, आधार केंद्रावर जाऊन घरातल्या म्हाताऱ्यांचा नंबर बदलून घ्यायचा, आपल्यापैकी एकाचा चालू नंबर घालायचा. या सुट्टीत माझं तेच काम आहे.

दुसरं, मास्क्ड आधार. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. हॉटेल, कुरिअर, होस्टेल, क्लास, यांना तेवढं पुरतं. आणि झेरॉक्स द्यावाच लागला तर त्यावर आडवं लिहा, कशासाठी, कुठल्या तारखेला. “फक्त खोली भाड्यासाठी, तारीख अमुक.” घरमालक माझ्याकडे बघतच राहिले, पण घेतलं त्यांनी. गंमत म्हणजे २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानंच सांगितलं होतं की आधारची प्रत कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या. दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं, लोक गैरसमज करून घेतील म्हणून. मला तरी त्या पत्रकात गैर काही दिसलं नाही.

तिसरं, सिम. ‘संचार साथी’वर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. आपला नसलेला दिसला तर तिथूनच कळवता येतं. आणि भावांनो, हे तुमच्यासाठी खास. सुरतेत ‘खातं भाड्यानं दे, महिन्याला पाच हजार’ म्हणणारे फिरतात, तुम्हाला पण कुणी ना कुणी विचारलं असेल. बँकेचं किट आणि सिम दिलं की झालं, असं सांगतात. चोरीचे पैसे तुमच्या खात्यातून जातात आणि पोलीस येतात ते तुमच्या दारात, कारण कागद तुमचे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. सर्व्हरवरचा हल्ला, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. सूत्रं हलवणारे परदेशात. पण पकडले कोण गेले? एटीएमसमोर उभं राहून कार्ड घालणारी आपल्याइकडची पोरं, काही तर कोल्हापुरात पैसे काढलेली. मोठा मासा कधी रांगेत उभा राहत नाही.

आता पैसे गेलेच तर. लगेच १९३० ला फोन. जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता जास्त. मग बँकेला लेखी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. तीन दिवस! आम्हाला कळलं दिवाळीला, तेव्हा दीड महिना उलटला होता. म्हणून म्हाताऱ्यांचं पासबुक दर महिन्याला भरून आणणं, एवढं साधं काम, ते पण फार मोठं आहे.

आणि पोलीस. आमच्या बाबतीत काय झालं, खातं तिकडचं, आम्ही राहतो इकडे. इथे म्हणाले गुन्हा तिकडे घडला, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, तुम्ही तर सुरतला राहता, अर्ज ठेवून जा. सीमेवरच्या माणसाचं ठरलेलं, चेंडू होतो त्याचा. तेव्हा मला माहीत नव्हतं, आज आहे, म्हणून तुम्हाला सांगते. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू झालीय. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. झिरो एफआयआर म्हणतात ते हेच. कलमाचा नंबर तोंडपाठ करा. नंबर सांगितला की आवाज बदलतो समोरचा, अनुभव आहे.

शेवटी कायद्याचं थोडं, कारण हा आपल्या पेजच्या जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला लढवणारे पुट्टस्वामी हे कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, वय तेव्हा नव्वदीच्या पुढे. त्यानंतर २०२३ ला डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या कंपन्यांवर टप्प्याटप्प्यानं यायच्या आहेत. दंड २५० कोटींपर्यंत. ऐकायला भारी. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो. माझ्या आजीला त्यातून एक रुपया मिळत नाही. उलट आधीच्या आयटी कायद्यातली भरपाई मागायची जी तरतूद, ४३ अ, ती काढून टाकायचं या कायद्यात म्हटलंय. हे मला पटत नाही, आणि कुणाला पटत असेल तर नंतर वाद घालूया.

मात्र याच कायद्यात एक ओळ आहे जी मी दोनदा वाचली. संमती घेताना जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यायला हवा. आठव्या परिशिष्टात २२ भाषा, त्यात मराठी. तिथे असं लिहिलेलं नाही की मराठी फक्त महाराष्ट्रात. म्हणजे सुरतेत, बेळगावात, बिदरात, कुठेही बसून एखाद्या ॲपला म्हणता येईल, मला हे मराठीत दाखव, मग ‘सहमत’ दाबतो. आपण दुकानाच्या पाटीसाठी, शाळेसाठी, सातबाऱ्यासाठी भाषा मागतो. ही पण मागायला पाहिजे. आईला गुजराती बोलता येतं, पण वाचता येत नाही. तिनं आजवर जेवढ्या ठिकाणी अंगठा किंवा सही दिलीय, त्यातलं एकही पान तिला वाचता आलं नव्हतं. सुप्याच्या शेतकऱ्यापेक्षा तिची अवस्था फार वेगळी आहे का, तुम्हीच सांगा.

आजीचे पैसे परत आले नाहीत अजून. अर्ज केलाय, पोच घेतलीय, पोच जपून ठेवलीय. आजी अजूनही त्याच दुकानात जाते, कारण दुसरं नाही. फक्त आता ती जाताना शेजारच्या नववीतल्या मुलीला सोबत नेते. मशीननं घेतलं नाही म्हटलं की ती मुलगी म्हणते, “काका, स्क्रीन इकडे फिरवा.” आणि पावती मागते. गंमत म्हणजे आता आजीचा अंगठा पहिल्याच वेळी लागतो.

बरं, भाषण खूप झालं. मागे टेबलावर दोन लॅपटॉप लावलेत आणि हॉटस्पॉट चालू आहे. ज्यांना लॉक करायचंय, सहा महिन्यांची यादी बघायचीय, त्यांनी स्वतःचा फोन आणा, ओटीपी स्वतःच टाका, मला सांगू नका. आणि ज्यांच्या घरी म्हाताऱ्यांच्या आधारला बंद नंबर लागलाय त्यांनी आधी पुढे या, पुढच्या शनिवारी आधार केंद्रावर एकत्र जायची नावं लिहायचीत. फक्त नाव लिहू. नंबर नको.